बहीण निवडून घेता येते का?



कनेरगाव नाक्यावर आम्ही संध्याकाळी मुलींची अभ्यासिका चालवतो. जून उजाडला की तिथे अभ्यास कमी आणि चर्चा जास्त. बारावी झाली, आता कुठे? हिंगोली की वाशिम? नांदेड की औरंगाबाद? ज्यांचा मामा किंवा भाऊ पुण्यात कंपनीत आहे त्यांच्या तोंडी पुणे. अशाच एका संध्याकाळी एका मुलीने मोबाइल आमच्यापुढे धरला. व्हिडिओ अमेरिकेतला. शेकडो पोरी हिरवळीवरून किंचाळत पळताहेत, समोर राजवाड्यासारखे घर, दारात आणखी शंभरभर पोरी टाळ्या वाजवताहेत, गळ्यात पडताहेत, रडताहेत.

“ताई, ह्या पोरी कामून रडायल्यात?”

आम्ही सांगितले, त्यांना घेतले म्हणून.

“कुठं घेतलं? कॉलेजात?”

नाही. कॉलेजात त्या आधीच आहेत. त्यांना घेतले ते कॉलेजातल्या एका ‘बहिणींच्या संघात’. त्याला तिकडे सोरोरिटी म्हणतात. लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण. संघाचे स्वतःचे घर, स्वतःचे जेवणघर, स्वतःची चिन्हे, स्वतःची गुपिते आणि आयुष्यभराचे सदस्यत्व.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अन् ज्यांना घेतलं न्हाई त्या?”

त्या व्हिडिओत नाहीत. हा लेख त्यांच्याबद्दल आहे, आणि आपल्याबद्दल.

आमचे काही मित्र म्हणतील, नाक्यावर बसून अमेरिकेतल्या श्रीमंत पोरींच्या खेळाची उठाठेव कशाला? इथे एसटी वेळेवर येत नाही, त्यावर लिहा. तेही लिहू. पण आपल्या मुली दिवसरात्र हे व्हिडिओ पाहतात आणि त्यांना वाटते की हा नुसता आनंद आहे, मैत्री आहे, चांगले कपडे आहेत. तो आनंद कसा तयार होतो ते त्यांना कळले पाहिजे. आणि ते कळले की पुण्यात खोली शोधताना आपल्याला जे विचारले जाते त्याचाही अर्थ लागतो.

या भरतीचे सगळ्यात गाजलेले ठिकाण म्हणजे अलाबामा विद्यापीठ, गाव टस्कलूसा. सुमारे ४० हजार विद्यार्थी. दर ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होण्याआधी, तिथे अडीच हजारांच्या वर मुली या भरतीला नाव नोंदवतात. २०२१ पासून त्यांचे व्हिडिओ टिकटॉकवर जगभर फिरू लागले. नोंदणीची फी वेगळी. अर्जासोबत फोटो, शाळेतले गुण, कुठे कुठे समाजसेवा केली त्याची यादी. आणि वर्षानुवर्षे यातला सगळ्यात वजनदार कागद असायचा तो शिफारसपत्राचा. त्या संघातून पूर्वी शिकून गेलेल्या बाईने लिहून द्यायचे की ही मुलगी ओळखीतली आहे, चांगल्या घरातली आहे. आई किंवा आजी त्याच संघात असेल तर तिच्यासाठी खास शब्द आहे, लेगसी. म्हणजे वारसा. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर ओरड झाली तेव्हा अनेक संघांनी वारशाला अग्रक्रम देणे बंद केले आणि शिफारसपत्राची अटही सैल केली. कागद गेला. ओळखीपाळखी गेल्या का, हे ज्याने त्याने ठरवावे.

मग फेऱ्या. पहिल्या फेरीत मुलीला सगळ्या घरांची ओळख होते. पुढे घरे कमी होत जातात. प्रत्येक घरात काही मिनिटांच्या गप्पा. एका फेरीत संघाच्या समाजसेवेची माहिती, एका फेरीत ‘आमच्यातला भगिनीभाव’, शेवटच्या फेरीत दिवे मंद करून हळव्या आठवणी आणि डोळ्यांत पाणी. मुली निघून गेल्या की घरातल्या सदस्या बसतात, चर्चा करतात, गुण देतात. मुलगीही आपल्या पसंतीचा क्रम भरून देते. दोन्ही याद्या संगणक जुळवतो आणि पुढच्या फेरीच्या सकाळी मुलीला कळते, कोणत्या घरांनी परत बोलावले. कोणत्या घराने नाकारले हेही कळते. का नाकारले, हे मात्र कोणी सांगत नाही. शेवटच्या दिवशी पाकीट उघडायचे आणि ज्या घराचे नाव निघेल तिकडे पळत सुटायचे. आपण पाहिला तो व्हिडिओ या पळण्याचा.

गप्पांत मुलगे, दारू, राजकारण, धर्म आणि पैसा हे विषय काढायचे नाहीत, असा संकेत मुलींना आधीच शिकवलेला असतो. पैशाबद्दल बोलायचे नाही कारण बोलायची गरज नाही. चपला बोलतात. सरळ केलेले दात बोलतात. आडनाव, शाळेचे नाव, सुट्टीत कुठे गेलो होतो ते बोलते. वर्षाची वर्गणी हजारो डॉलरांत असते, ती भरू शकेल अशीच मुलगी बहुधा या दारात उभी राहते. म्हणजे अर्धी निवड दारात पोचण्याआधीच झालेली.

आता गंमत बघा. हे संघ ज्यांनी सुरू केले त्या राजवाड्यात राहणाऱ्या बायका नव्हत्या. १८६७ मध्ये इलिनॉयमधल्या मॉनमाउथ कॉलेजात काही मुलींनी पहिला असा संघ काढला, त्यानंतर १८७० मध्ये इंडियानात आणखी एक. तेव्हा कॉलेज म्हणजे पुरुषांचे राज्य. मुलांचे फ्रॅटर्निटी नावाचे संघ होते, त्यात मुलींना जागा नव्हती, वर्गातही त्या नकोशाच. एकट्या पडलेल्या मुलींनी एकमेकींचा हात धरला. यात चूक काय? काहीच नाही. चूक पुढे झाली. ज्यांच्यासाठी दार बंद होते त्यांनी स्वतःचे घर बांधले आणि पहिले काम काय केले, तर त्या घराला दार लावून कडी घातली. १९०२ मध्ये या संघांची राष्ट्रीय परिषद झाली. काळ्या मुलींना कित्येक संघांनी लेखी नियमाने आणि बाकीच्यांनी न लिहिता बाहेर ठेवले. पुढे लेखी नियम गेले, न लिहिलेले राहिले. न लिहिलेला नियम कोर्टात नेता येत नाही, म्हणून तोच जास्त टिकतो. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात, भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचविशीचे. त्यातला एक मुद्दा इथे चपखल बसतो. जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग. एका गटाने आपले दार आतून लावले की बाकीच्यांना ते बाहेरून बंद सापडते, आणि मग तेही आपापली दारे लावू लागतात. बंदिस्तपणाची नक्कल वरून खाली झिरपत जाते. आम्ही एमएला समाजशास्त्र शिकलो तेव्हा हा निबंध परीक्षेपुरता वाचला होता. पुण्यात खोली शोधायला गेलो तेव्हा तो कळला.

अलाबामाची गोष्ट पुढे सांगतो. १९५६ मध्ये ऑथरीन लूसी या काळ्या मुलीला कोर्टाच्या आदेशाने या विद्यापीठात प्रवेश मिळाला. प्रवेश दिला, पण वसतिगृह आणि जेवणघर तिला बंद. वर्गात बस, पण आमच्यात राहू नकोस, आमच्यात जेवू नकोस. चार दिवस होत नाहीत तोच जमाव जमला, दगडफेक झाली आणि विद्यापीठाने दंगेखोरांना नव्हे, तिलाच बाहेर काढले. १९६३ मध्ये दोन काळे विद्यार्थी आले तेव्हा राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः दारात आडवा उभा राहिला. केंद्राने सैनिक आणले, गव्हर्नर बाजूला झाला, विद्यार्थी आत गेले. पुस्तकात इथे धडा संपतो.

पण २०१३ च्या सप्टेंबरमध्ये, वॉलेसच्या त्या तमाशाला बरोबर ५० वर्षे झाली तेव्हा, विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्याच ‘क्रिमसन व्हाइट’ या वृत्तपत्राने छापले की गोऱ्या मुलींचे संघ अजूनही काळ्या मुलींना घेत नाहीत. एखाददुसरा अपवाद सोडला तर ५० वर्षे शून्य. त्या वर्षी एक काळी मुलगी होती, गुण उत्तम, घराणे मोठे. संघातल्या काही मुलींना ती हवी होती. त्या उघडपणे बोलल्या. म्हणाल्या, आम्हाला हवी होती, पण आमच्या माजी सदस्यांनी अडवले. म्हणजे ज्या बायका शिकून, लग्न करून, दुसऱ्या गावी नांदत होत्या, त्या टस्कलूसातल्या घराची कडी अजून हातात धरून बसल्या होत्या. विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी मोर्चा काढला. विद्यापीठाला भरती पुन्हा उघडावी लागली, तेव्हा कुठे काही काळ्या मुलींना बोलावणे गेले. ज्या दाराला गव्हर्नर आडवा होता तिथे सैन्य पाठवता येते. चहाच्या टेबलावर ठरणाऱ्या ‘नाही’ला कोणते सैन्य पाठवणार?

इथे एक युक्तिवाद ठरलेला असतो. कोणाबरोबर राहायचे, कोणाला मैत्रीण मानायचे ही खासगी बाब आहे. आवड आहे. मनाविरुद्ध बहीण लादायची का?

हाच युक्तिवाद आम्ही मराठीत ऐकला आहे. पुण्यात सदाशिव पेठेत ऐकला, कोथरूडला ऐकला, आणि नांदेडमध्येही ऐकला. आमच्या मुली कॉट बेसिसवर जागा बघायला जातात तेव्हा फेऱ्या अशा होतात. पहिली फेरी फोनवर: “आडनाव काय?” आडनावावरून नीट कळले नाही तर “मूळ गाव कुठलं, वडील काय करतात?” दुसरी फेरी दारात: “व्हेज का नॉनव्हेज?” तिसरी फेरी खोलीत: “आमच्याकडे देवघर आहे, सणवार पाळावे लागतात, चालेल ना?” तोवर मालकीणबाईंची नजर आमच्या मुलीच्या पिशवीवर, गळ्यात आहे की नाही त्या माळेवर आणि पायातल्या चपलेवर फिरून आलेली असते. मग “कळवते हं” येते. का नाकारले, हे तिथेही कोणी सांगत नाही. अलाबामात निदान सकाळी यादी येते.

आणि हे फक्त घरमालक करतात असे नाही. आत आधीपासून राहणाऱ्या मुली करतात. “आमच्या ग्रुपला सूट होईल अशी रूम पार्टनर हवी” असा संदेश मोबाइलवर फिरतो. सूट होणे म्हणजे काय ते लिहिलेले नसते. दिल्लीच्या परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. दलितांना नकार, मुस्लिमांना त्याहून जास्त नकार, सवर्णांना दार उघडे. पुण्याचा असा अभ्यास करायला पुणेकर घरमालक किती उत्सुक असतील कोण जाणे.

सरकार म्हणते, वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आहे, खरे आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, भोजन, निवास आणि किरकोळ खर्चासाठी. योजना चांगली आहे, ती मिळवायला पोरापोरींनी मोर्चे काढलेत. पण योजना भाडे देते, दार उघडून देत नाही. साठ हजार खात्यात असलेली मुलगीसुद्धा “कळवते हं” ऐकून परत फिरते.

काहींना हे फार नाजूक दुखणे वाटेल. खोली नाही मिळाली, दुसरी बघा. त्यांनी पायल तडवी आठवावी. जळगावची आदिवासी मुलगी, डॉक्टर, मुंबईत नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. मे २०१९ मध्ये तिने जीव दिला. छळाचा आरोप ज्यांच्यावर आहे त्या तिच्याच विभागातल्या वरच्या वर्षाच्या महिला डॉक्टर, आणि सुरुवातीला ती त्यांच्यातल्या काहींच्या खोलीत राहत होती. खटल्याचा निकाल कोर्ट देईल. पण ‘कोणाबरोबर राहायचे ही खासगी बाब’ या वाक्याचे वजन किती असते ते तिच्या आईला, आबेदा तडवींना, विचारा. त्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात गेल्या, ते उगाच नाही.

बाबासाहेब स्वतः या फेऱ्यांतून गेलेत. १९१३ मध्ये ते कोलंबियाला पोचले. वसतिगृहात, क्लबात राहून शेवटी लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर एका खोलीत राहिले. ती मैत्री आयुष्यभर टिकली. चार वर्षांनी तेच बाबासाहेब, एवढे शिकून, बडोद्याला नोकरीवर गेले. एकही हिंदू खाणावळ जागा देईना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांना बाहेर काढले. एका पारशाबरोबर न्यूयॉर्कला एक खोली, आणि बडोद्याला पारशांच्याच काठ्या. माणूस तोच, धर्म तोच, जात तीच. मग बदलले काय? न्यूयॉर्कला त्या दोघांना एका खोलीत ठेवताना त्यांची जात विचारायची कोणाला गरज नव्हती. बडोद्याला तोच पहिला प्रश्न होता.

(आणि न्यूयॉर्कला आता सगळे आलबेल आहे असेही समजू नका. आपल्याकडचे लोक तिकडे जाताना जात विमानतळावर सोडून गेले नाहीत. २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला आपल्या भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द घालावा लागला, २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने असाच कायदा नकाराधिकार वापरून अडवला. अडवा म्हणून मागणी करणाऱ्यांत कोण पुढे होते? आपलेच देशबांधव. गोऱ्यांच्या संघात आपल्या मुलीला रंगामुळे घेतले नाही की यांना वर्णभेद दिसतो. आडनाव विचारताना दिसत नाही.)

आता त्या शब्दाकडे येऊ. अमेरिकेतल्या मुलांच्या बंदिस्त संघाला फ्रॅटर्निटी म्हणतात. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही हाच इंग्रजी शब्द आहे. मराठीत आपण त्याला बंधुता म्हणतो. शब्द एक, पण अर्थ अगदी उलटे. तिकडच्या फ्रॅटर्निटीत आधी कोण भाऊ नाही ते ठरते, मग उरलेले भाऊ होतात. बाबासाहेबांची बंधुता देशातल्या प्रत्येकाला आधीच आत धरते, कोणाला पाकीट पाठवत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले होते की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता हे वरवरचे रंग ठरतील. १९५४ मध्ये आकाशवाणीवरून त्यांनी हेही सांगितले की ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नाहीत, बुद्धाकडून घेतली.

बुद्धाकडून घेतली म्हणजे काय? संघात प्रवेश मोकाट होता असे नाही. तिथेही प्रश्न विचारले जात. तू कर्जात आहेस का? राजाचा सैनिक आहेस का? अमुक रोग आहे का? आईवडिलांची परवानगी आहे का? वय वीस झाले का? संघ जमून संमती देई. म्हणजे ही निवडच होती. आमचे भांडण निवडीशी नाही, प्रश्नांशी आहे. त्या यादीत जात नव्हती. उपाली न्हावी आणि शाक्य राजपुत्र एकाच वेळी दीक्षेला आले तेव्हा राजपुत्रांनीच सांगितले की उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे तो आम्हाला ज्येष्ठ होईल, आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यांचा ताठा मोडेल. प्रकृती ही चांडालकन्या, तिला भिक्खुणी संघात घेतले. ज्यांना ‘आपले’ मानले जात नव्हते त्यांना ज्येष्ठत्व देण्याची ही रीत आहे. ऑगस्टमधल्या त्या राजवाड्यांत कोणती मुलगी म्हणते, हिला आधी घ्या, मी मागून येते?

मग आपण काय करायचे? त्यांच्या दारात रांग लावायची की स्वतःचे घर बांधायचे?

काळ्या मुलींनी घर बांधले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये अल्फा कप्पा अल्फा आणि १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा हे संघ निघाले. डेल्टाच्या मुलींनी स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आत काय केले, तर ३ मार्च १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या, जिथे गोऱ्या बायकांना त्या नको होत्या. कमला हॅरिस अल्फा कप्पा अल्फाच्या. आपल्याकडे शाहू महाराजांनी कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहे काढली, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद सुरू झाले नसते तर मराठवाड्यातली आपली एक आख्खी पिढी शिकली नसती. स्वतःचे घर हा पळपुटेपणा नाही. ज्यांच्यासाठी सगळी दारे बंद आहेत त्यांचे ते पहिले छप्पर आहे.

पण १८६७ च्या त्या मुलींचे काय झाले ते आत्ताच सांगितले. त्यांचेही पहिले छप्परच होते.

इथून पुढचे लिहू नका असे आमच्यातल्याच दोघा-तिघांनी सांगितले. घरची धुणी चव्हाट्यावर नकोत म्हणे. आम्ही लिहितो.

गेल्या वर्षी आमच्या अभ्यासिकेतल्या चार मुली एका शहरात खोली घेऊन राहत होत्या. सगळ्या बौद्ध. हीच खोली त्यांना सहा ठिकाणी नकार मिळाल्यावर मिळाली होती. पाचवी कॉट रिकामी. जवळच्याच गावातली एक मातंग समाजाची मुलगी, आमच्याच अभ्यासिकेत बसणारी, विज्ञान शाखेला जागा मिळालेली, तिने फोन केला. तिला सांगितले, जागा भरली. भरली नव्हती. पंधरा दिवसांनी तिथे आपल्याच एका मुलीला घेतले. आम्हाला दिवाळीत कळले. विचारले तेव्हा एकीने मान खाली घालून सांगितले, “ताई, ते लोक देवीचं करत्यात. आपल्या खोलीत बुद्धमूर्ती हाय.”

देवघर आहे, चालेल ना? त्या मालकीणबाईचे वाक्य, आमच्या मुलीच्या तोंडून. आणि ते तिला आम्हीच शिकवले असणार, कारण बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेताना ‘ते लोक’ असा शब्द आमच्याही तोंडून किती वेळा गेला असेल. प्रतिज्ञा स्वतःसाठी घ्यायच्या असतात. दुसऱ्याची कॉट अडवायला नव्हे.

१ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा उपवर्गीकरणाचा निकाल आला तेव्हापासून बौद्ध आणि मातंग वस्त्यांमधले वातावरण तापले आहे. त्या निकालावर आमचीही मते आहेत, ती वेगळी मांडू. पण निकाल बरोबर की चूक याचा एका रिकाम्या कॉटशी काय संबंध? आपल्याविरुद्ध क्रीमी, चलाख, सगळे लुटणारे असा जो प्रचार चालतो त्याला उत्तर भाषणाने देता येत नाही, जर आपल्याच खोलीत आपण माजी सदस्य होऊन कडी धरून बसलो असू. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त निबंध छापून आला तो मुक्ताबाईचा, जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग मुलगी. तिने लिहिले ते मांग आणि महार, दोघांच्या दुःखावर. तिने आपल्याला वगळले नव्हते.

ती मुलगी आता रोज एसटीने हिंगोलीला जाते-येते. प्रॅक्टिकल संपवून शेवटची गाडी सापडत नाही म्हणून विज्ञान सोडून कला शाखा घेतली. ज्यांनी तिला नाही म्हटले त्या वाईट मुली नाहीत, परीक्षेत एकमेकींना जागवतात, एकीला ताप आला तर तिघी दवाखान्यात रात्र काढतात. अलाबामातल्या मुलीही वाईट नसतील. म्हणूनच हे धोक्याचे आहे.

आम्ही अभ्यासिकेत काही गोष्टी ठरवल्या आहेत, वाद होऊन ठरवल्या आहेत. ज्या खोलीचा शोध, डिपॉझिट किंवा ओळख अभ्यासिकेमार्फत मिळाली तिची रिकामी कॉट कोणीही परस्पर भरायची नाही. ती वहीत लिहायची, वही टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी. ज्या मुलीचे नाव आधी, तिची कॉट आधी. विचारायचे प्रश्न तीन: भाडे वेळेवर देशील का, स्वयंपाक-झाडलोटीची पाळी करशील का, रात्री अभ्यासाला दिवा चालू राहिला तर चालेल का? चौथा प्रश्न नाही. मांसाहार, मूर्ती, उपवास, देवी हे ज्याचे त्याने आपल्या कोपऱ्यात. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारले, मग आपल्या मुलींना प्राधान्य कुठे राहिले? आम्ही त्यांना विचारले, आपल्या म्हणजे कोणाच्या? ते उठून गेले. पुढच्या रविवारी परत आले, वहीसाठी रजिस्टर घेऊन. मन वळले की नाही ते माहीत नाही, रजिस्टर मात्र चांगले दोनशे पानी आहे.

मोबाइलवर व्हिडिओ दाखवणाऱ्या मुलीने पहिल्या पानावर रकाने आखले. त्यात जातीचा रकाना नाही. आडनावाचा ठेवायचा का यावर तासभर भांडण झाले. शेवटी नाव, गाव, कॉलेज आणि फोन एवढेच ठेवले.

मे महिन्यात आम्ही चौघे त्या मातंग मुलीच्या घरी गेलो. खोलीतल्या चारपैकी दोघी सोबत आल्या, दोघी आल्या नाहीत. तिच्या आईने पाणी दिले, चहा दिला. माफी मागितली. सांगितले की जूनमध्ये त्या खोलीत एक कॉट रिकामी होते आहे, वहीत पहिले नाव तिचे लिहिले आहे, विज्ञानाला परत जायचे असेल तर कॉलेजात आम्ही सोबत येऊ. तिने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, विचार करून सांगते.

अजून तिचा फोन आलेला नाही. कॉट रिकामी ठेवली आहे.